मावशीचं तोंड आलंय

जीभकाकांना एकदम कुणी खरं नाव विचारलं असतं तर त्यांना क्षणभर आठवावं लागलं असतं, इतकं ते मागे पडलं होतं. सीमेवरच्या जनावर तपासणी केंद्रात त्यांची चौदा वर्षं नोकरी झाली होती, आणि चौदा वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. पलीकडच्या देशातून गुरं आली की त्यांची जीभ बाहेर ओढून बघायची. हातात मोजे, दातांत धरलेला छोटा टॉर्च. डावा अंगठा जनावराच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवायचा, जिथे पुढचे दात संपतात आणि दाढा अजून सुरू व्हायच्या असतात त्या रिकाम्या जागेत. जनावर तोंड उघडतंच. मग उजव्या हाताने जीभ धरून बाजूला ओढायची आणि एका नजरेत जीभ, हिरडी आणि वरची गादी बघून घ्यायची. गाईला वर पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक गादी असते. तुमच्या-आमच्या हे कधी लक्षातही येत नाही. जीभकाकांनी तशा लाखभर गाद्या पाहिल्या होत्या.

ते शोधत असायचे एक फोड. तांदळाच्या दाण्याएवढा, पाणी भरलेला, कधी फुटून गेलेला. लाळ्या-खुरकुताची ती पहिली खूण. या रोगाने मोठं जनावर सहसा मरत नाही, पण दूध आटतं, वासरं पटापट जातात, आणि रोग वाऱ्यावर, टायरवर, बुटाच्या तळव्यावर बसून गावोगाव फिरतो. सीमेच्या पलीकडे तो येत-जात असे. अलीकडे एकोणीस वर्षांत एकदाही आला नव्हता, आणि तो येऊ नये एवढ्याचसाठी हे केंद्र होतं. आलाच, तर औषधपाणी करत बसायचं नाही असा कायदा. जिथे सापडला तिथून तीन किलोमीटरच्या आतलं दुभंगलेल्या खुरांचं प्रत्येक जनावर मारून पुरायचं, मग ते दुखणाईत असो की ठणठणीत.

केंद्रातल्या माणसांनाही नियम कडक होते. आत एक मळकी बाजू आणि बाहेर एक धुतली बाजू, असंच सगळे म्हणत. मधे शॉवरच्या खोल्या. आतले कपडे आत, बाहेरचे बाहेर. चष्मासुद्धा औषधाच्या पाण्यात बुडवून मगच नाकावर चढवायचा. आणि दर वर्षाच्या सुरुवातीला कारकून एक फॉर्म पुढे सरकवायचा. त्यात एकच वाक्य होतं: ‘माझ्या घरी अथवा आवारात दुभंगलेल्या खुरांचं एकही जनावर नाही.’ खाली सही. पहिली दहा वर्षं जीभकाकांनी ती सही ताठ मानेने केली. गेली चार वर्षं ते फॉर्मकडे न बघता करत होते.

कारण चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि त्यांची गाय मागे राहिली. बायकोला ना भाऊ ना बहीण. तिने गाय दोरीला धरून थेट घरी आणली आणि मागच्या अंगणात बांधली. जीभकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. “अगं, माझी नोकरी जाईल,” ते म्हणाले. “मग तिला विका आणि सोबत मलाही विका,” बायको म्हणाली. विषय तिथेच संपला. समोरच्या बाईने कुंपणावरून डोकावून “कोण आलंय गं?” विचारलं, तेव्हा बायको बोलून गेली, “मावशी आलीय. आईच्या मागे तिला कोण आहे?” तेव्हापासून ती मावशीच. ते तसं खोटंही नव्हतं. बायकोच्या आईजवळ ती बहिणीसारखीच राहिली होती.

लपवायला फार कष्टही पडले नाहीत. मागच्या कुंपणाला लागूनच गवळ्याचा गोठा होता. त्याच्या बत्तीस गाईंत तेहतिसावीचं हंबरणं कुणाला वेगळं ऐकू येणार? गवळ्याला अर्थात माहीत होतं. वीस वर्षांचा शेजार, त्याने कधी तोंड उघडलं नाही. उलट मावशीचं जास्तीचं दूध तो आपल्या वासरांना नेत असे. केंद्रात मात्र जीभकाका संध्याकाळी वेळेवर निघताना म्हणत, “घरी मावशी आहे, तिचं करायला लागतं.” सगळ्यांना वाटायचं, केवढा सेवाभावी माणूस!

आणि चौदा वर्षांची सवय म्हणजे सवय. मावशीजवळ गेलं की जीभकाकांचा अंगठा आपोआप तिच्या ओठाच्या कोपऱ्याकडे जायचा. रोज संध्याकाळी, अगदी न चुकता. पुढे पुढे तर जीभ धरून ओढावीही लागेना. अंगठा लागला की मावशी स्वतःच जीभ बाहेर काढून उभी राहायची आणि त्यांनी “शाबास” म्हणून हात काढेपर्यंत आत घ्यायची नाही. बायको म्हणायची, “इतकं कधी माझं तोंड बघितलंत का हो?”

आता त्या टॉर्चबद्दल सांगायला हवं. मुलगी औषधांच्या दुकानात नोकरीला लागली, तेव्हा तिने तो बाबांना घेऊन दिला होता. करंगळीएवढा, पण उजेड लख्ख. नियमाने तो मळक्या बाजूलाच राहायला हवा होता. पण मुलीने दिलेली वस्तू तिथल्या डबड्यात टाकून यायला जीभकाकांचं मन घेईना. ते टॉर्च रुमालाने पुसून डब्याच्या पिशवीत टाकायचे. कपडे बदलले, अंघोळ केली, बूट बुडवले, चष्मा बुडवला. राहता राहिला टॉर्च, तो पुसला की झालं.

त्या सोमवारी चार नंबरच्या कोंडवाड्यातल्या चाळीस कालवडींची तोंडं त्यांनी बघितली. सगळी स्वच्छ. संध्याकाळी घरी येऊन, तोच टॉर्च दातांत धरून, मावशीचंही तोंड बघितलं. मंगळवारी सकाळी दहा वाजता त्याच कोंडवाड्यात एक कालवड कोपऱ्यात उभी राहून मचमच करताना दिसली. लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. जीभकाकांनी जीभ धरली तर वरची साल त्यांच्या हातात आली.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टरबाई होत्या. जीभकाका त्यांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, आलंय. चार नंबर.”

बाईंनी स्वतः येऊन बघितलं. मग फाटकाला साखळी लागली, आणि आत असलेली अकरा माणसं आतच राहिली.

पुढच्या तीन दिवसांबद्दल जीभकाका नंतरही कधी बोलले नाहीत. राजधानीतून प्रयोगशाळेचा निकाल आला. केंद्राभोवती तीन किलोमीटर नुसती शेतं होती, तेव्हा केंद्रातलीच एकशे साठ जनावरं एकामागून एक मारण्यात आली. डोकं धरायला जीभकाका होते, कारण त्यांच्या हाताला जनावरं घाबरत नसत. शुक्रवारी दुपारी शेवटच्या खड्ड्यावर चुना पडला. नियम असा, की त्या क्षणापासून चौदा दिवस मोजायचे आणि तोवर कुणीही बाहेर पडायचं नाही.

अकरा माणसांना चाऱ्याच्या कोठारात खाटा टाकून दिल्या होत्या. चारा जाळून टाकलेला, पण त्याची धूळ भिंतींना तशीच होती, नि त्यावर औषधाच्या फवाऱ्याचा वास. पावालाही तोच वास यायचा, चहालाही. करायला काही उरलं नव्हतं. माणसं एकमेकांच्या घोरण्यावरून भांडत, मग कंटाळून भांडणही सोडून देत. जीभकाका दिवसातून चार वेळा जिन्याने गच्चीवर जात. तिथून सपाट शेतांपलीकडे त्यांच्या गल्लीतली पाण्याची टाकी दिसायची. नीट बघितलं तर तिच्यावरचा गंजसुद्धा दिसायचा. सायकलने गेलं तर वीस मिनिटं. ते टाकीकडे बघत बसायचे आणि मनातल्या मनात त्या सोमवारची संध्याकाळ पुसून काढायचा प्रयत्न करायचे. रुमालाने पुसला होता. चांगला घासून पुसला होता. पण रुमाल कुठला होता, तेच आठवेना.

मोबाईल पहिल्याच दिवशी जमा करून घेतले होते. एखादा फोटो बाहेर गेला की बाजार कोसळतो, म्हणून. रोज दुपारी कारकुनाच्या टेबलावरच्या फोनवरून प्रत्येकाला पाच मिनिटं मिळत, तीही स्पीकर लावून, कारकून समोर बसलेला असताना. कारकून भला माणूस होता. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांच्या घरच्या माणसांची यादी केली होती, कुणाला काही लागलं तर केंद्राकडून पोचवता यावं म्हणून.

“बायको, मुलगी, आणि तुमच्या मावशी, बरोबर?” त्याने विचारलं होतं. “मावशींचं वय?”

“अकरा,” जीभकाका म्हणाले.

कारकुनाने वर बघितलं.

“एकाहत्तर,” जीभकाका म्हणाले. “डोकं ठिकाणावर नाही माझं आज.”

कारकुनाने एकाहत्तर लिहिलं आणि आपल्या जबाबदारीवर मावशींसाठी दुधाच्या पावडरीचे दोन डबे पाठवून दिले.

शनिवारच्या फोनवर बायको म्हणाली, “आम्ही ठीक आहोत. मावशीने सकाळपासून काही खाल्लं नाही.”

जीभकाका फोनवर वाकले. “ताप आहे?”

“कान गरम लागतायत.”

कारकून मान हलवत ऐकत होता. “म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं,” तो हळूच म्हणाला.

रविवारी बायकोचा आवाज वेगळाच लागला. “अहो, मावशीचं तोंड आलंय.”

माणसाचं तोंड येतं तेव्हा आपण असंच म्हणतो, त्यात काही विशेष नाही. कारकूनही म्हणाला, “उष्णता वाढली असेल. माझ्या आईचंही येतं. मध लावायला सांगा.” जीभकाकांना मात्र ते एक वाक्य पुरलं. आजवर एक लाख तोंडं बघून जी गोष्ट त्यांनी शोधली, ती आता त्यांना फोनवरून ऐकू येत होती.

“लाळ?” त्यांनी विचारलं.

“गळतेय.”

“तिला एकटीला ठेव. कुणी तिच्या जवळ जायचं नाही. आणि तिच्याकडचं काही कुणाला द्यायचं नाही. कळलं का? काहीच नाही.”

“कालचं दिलं की. नेहमीसारखं पलीकडे. त्यांची पिल्लं त्यावरच असतात.”

“मावशी अजून स्वयंपाक करतात?” कारकून कौतुकाने म्हणाला. “या वयात?”

पाच मिनिटं संपली. जीभकाका गच्चीवर गेले आणि टाकीकडे बघत उभे राहिले. बायकोला सगळं कळलं होतं, यात त्यांना शंका नव्हती. चौदा वर्षं घरात या रोगाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. पण तीही बोलणार नव्हती, कारण बोललं की मावशी जाणार.

आणि एकटी मावशी गेली असती तरी निभावलं असतं. टाकीभोवती तीन किलोमीटर म्हणजे गवळ्याच्या बत्तीस गाई गेल्या, वासरं गेली, पलीकडच्या वस्तीतल्या शेळ्या गेल्या. चार वर्षं ज्याने यांच्यासाठी तोंड शिवून ठेवलं, त्याच्याच दारात यांच्यामुळे बंदूक जाणार. जीभकाकांची नोकरी जाणार, खोट्या सह्यांबद्दल कदाचित तुरुंगही. हे सगळं नको, तर गप्प बसायचं. पण गवळ्याची दुधाची गाडी रोज सकाळी चार गावांत फिरते, दर गोठ्यापाशी थांबते, कॅन उतरवते, कॅन चढवते. त्या गाडीच्या टायरना कुणी औषधात बुडवत नाही. आजची गाडी गेलीच असेल. उद्याचीही जाईल.

जीभकाकांनी ठरवलं, उद्या सांगायचं. कदाचित काटा टोचला असेल. कदाचित मावशीने काही कडक चावलं असेल. एका नजरेत निकाल देणारा माणूस, त्या दिवशी मात्र त्याला काही कळूनच घ्यायचं नव्हतं. तुम्ही हसाल, पण बाहेरच्या साखळीने त्यांचा जेवढा जीव घुसमटला नव्हता तेवढा या एका दिवसाने घुसमटला. कोठारात आणखी दहा माणसं होती आणि त्यातल्या एकालाही काही सांगता येत नव्हतं. खाटेवर पडलं की छताचे पत्रे दिसत. पत्र्यांना अठरा पट्ट्या होत्या. त्यांनी त्या दोन्ही बाजूंनी मोजल्या.

सोमवारी सकाळी त्यांनी गच्चीवरून गवळ्याची पांढरी गाडी बघितली. टाकीमागून निघाली, मोठ्या रस्त्याला लागली आणि धूळ उडवत गेली. त्यांना ओरडावंसं वाटलं. ते खरंच “ए!” म्हणून ओरडलेही. खाली नळावर तोंड धूत असलेल्या पहारेकऱ्याने वर बघितलं आणि हात हलवला.

दुपारी फोनवर बायको एवढंच म्हणाली, “आज पाय टेकवत नाही.”

“कुठला?”

“उजवा.” कारकुनाने रिसीव्हर परत घेताना जीभकाकांच्या खांद्यावर हात ठेवला. कारकुनाला वाटलं, माणूस फार हळवा झालाय.

मंगळवारी सकाळी डॉक्टरबाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. बाईंच्या टेबलावर परिसराचा मोठा नकाशा पसरलेला होता, त्यावर केंद्राभोवती काढलेलं लाल वर्तुळ, आणि एका बाजूला कंपास. बाई कमी बोलणाऱ्या, कामाला वाघ, हाताखालच्या माणसांना सहसा सूट न देणाऱ्या. कारकून कोपऱ्यात उभा होता, जरा लाजल्यासारखा.

“बसा जीभकाका,” बाई म्हणाल्या. “मावशींचं यांनी मला सांगितलं. तुम्ही स्वतःहून बोलायला हवं होतं.”

जीभकाका बसले नाहीत.

“माझी आई गेली तेव्हा मी अशाच एका केंद्रात बंद होते,” बाई म्हणाल्या. “नऊ दिवस राहिले होते. मला कुणी सोडलं नाही, आणि तेव्हा ते मलाही बरोबरच वाटलं होतं. आता वाटत नाही. घरात कुणी अत्यवस्थ असेल तर प्रमुखाला दोन तासांची परवानगी देता येते. तीनदा अंघोळ करायची, नवे कपडे, आमची गाडी नेईल आणि आणेल. माणसांना याचा काही धोका नाही. फक्त ही एक सही.”

त्यांनी कागद पुढे सरकवला. वर परवानगी, खाली तेच वाक्य. माझ्या घरी अथवा आवारात.

दोन तास! जीभकाकांच्या डोक्यात सगळं भराभर मांडलं गेलं. अंगणाच्या टोकाला जमीन मऊ आहे. घरी कुदळ आहे. चुना रंगकामातून उरलेला आहे. गवळी मदतीला येईल आणि परत तोंड शिवून घेईल. मावशीला आपणच शांत करू. दोन तासांत आवरेल. मग ती कधी नव्हतीच. चार दिवसांनी बायको फोनवर सांगेल, मावशी गेली, आणि कारकून हळहळेल. गवळ्याची वासरं कदाचित वाचतील. कदाचित. त्यांनी पेन उचललं.

बाई नकाशा गुंडाळत सहज विचारत होत्या, डॉक्टर विचारतात तसं, “फोड नक्की कुठे आलेत? जिभेवर की गालांना आतून? काही मलम देता येईल, बघते.”

पेन कागदाला टेकलेलं होतं. बाहेर, लांब, मोठ्या रस्त्यावरून एक गाडी गेल्याचा आवाज आला. ती गवळ्याची होती की आणखी कुणाची, कोण जाणे. जीभकाकांनी पेन ठेवून दिलं.

“वरच्या गादीवर, बाई,” ते म्हणाले.

बाईंचे हात थांबले. “कशावर?”

“वरच्या गादीवर. आणि जिभेवर असणारच. तिला वर पुढचे दात नाहीत. कधीच नव्हते.”

“आता या वयात दात कुठले असणार,” कारकून समजूत घालत म्हणाला. “एकाहत्तर म्हणजे—”

“अकरा,” जीभकाका म्हणाले. “अकराच आहे तिचं वय.”

कारकून बाईंकडे बघत राहिला. त्याला कळायला आणखी थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तो खुर्चीवर बसला. त्याने दुधाची पावडर पाठवली होती.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर जीभकाकांना बरं वाटलं असतं. त्यांनी परवानगीचा कागद उचलून दोन तुकडे केले, नकाशा परत पसरला आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. घर कुठे. शेजारी काय आहे. दूध कुठे जातं. गाडी कुठल्या रस्त्याने जाते. रोग तिथे कशाने पोचला असेल? तेव्हा जीभकाकांनी कोठारातून डब्याची पिशवी आणली आणि टॉर्च टेबलावर ठेवला. बाईंनी त्याला हात लावला नाही. त्यांनी कंपासचं टोक पाण्याच्या टाकीवर रोवलं आणि वर्तुळ काढलं.

“फोन करून सांगा घरी,” त्या म्हणाल्या. “फाटक उघडं ठेवा म्हणावं.”

बायकोने पहिल्या घंटीला फोन उचलला. “सुटलात? मावशीला बघायला येताय?”

“येतोय. पण माणसं घेऊन.”

“माणसं?” बायको म्हणाली.

“फाटक उघडं ठेव. गवळ्याला सांग, आज गाडी काढू नको. गेली असेल तर जिथे आहे तिथेच थांबव.”

“त्यांना कुणी सांगितलं?” बायकोने विचारलं.

“मी.”

मग ती म्हणाली, “आईने मरताना तिचा दोर माझ्या हातात दिला होता.” आणि फोन ठेवला.

जीभकाकांना बरोबर नेण्याबद्दल बाईंनी थोडा विचार केला. तो माणूस आता नोकरीवर राहणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. “तिथे तोंडं बघायला हात लागणार,” बाई म्हणाल्या. “तुमच्यासारखा दुसरा माझ्याकडे नाही. नाइलाज आहे.” त्यांनी पांढरा पोशाख पुढे केला.

आठ दिवसांनी साखळी निघाली आणि जीभकाका फाटकाबाहेर पडले. डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये, तोंडावर मास्क, गाडीच्या मागच्या बाजूला, काच वर केलेली. बाहेर तोच रस्ता, तीच शेतं, पण त्यांना आत असल्यासारखंच वाटत होतं. गल्लीच्या तोंडाशी लोक उभे होते. या गाड्या कशासाठी येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कुणाकडे, एवढंच बघायला ते थांबले होते.

बायको अंगणातल्या पत्र्याच्या दाराशी उभी होती. तिने त्यांना ओळखलं, पोशाखातही. बाजूला झाली. मुलगी तिच्या मागे, नजर खाली. मागच्या कुंपणापलीकडे गवळी. त्याच्या कमरेला अजून दुधाचं फडकं खोचलेलं होतं.

मावशी कोपऱ्यात उभी होती, उजवा पाय उचलून. पाच पांढरी माणसं आणि औषधाचा वास बघून ती बिचकली, मागे सरली, दोरीला हिसका दिला. नेमबाज म्हणाला, “धरणार कोण?” जीभकाका पुढे झाले. तिने त्यांनाही ओळखलं नाही. मान वळवली, डोळ्यांचं पांढरं दिसलं. त्यांनी हातमोज्यातला अंगठा तिच्या ओठाच्या कोपऱ्याला लावला, नेहमीच्या जागी.

मावशी थांबली. मग तिने आपणहून जीभ बाहेर काढली. सोललेली, लाल, कडांना पांढुरकी. किती दुखत असेल, पण तिने काढली आणि धरून ठेवली.

“काय म्हणता?” डॉक्टरबाईंनी वहीवर पेन धरून विचारलं. “किती दिवसांची जखम?”

कडा किती भरल्यात यावरून जीभकाकांना दिवस अचूक सांगता यायचे. एक दिवस म्हटलं असतं तर गवळ्याला तरी खरं कळलं नसतं.

“तीन दिवसांची,” ते म्हणाले. “मला रविवारीच कळलं होतं.”

कुंपणापलीकडे गवळी बोटांवर मोजत होता. “सोमवार, आज,” तो म्हणाला. “त्यानंतर दोन वेळा गाडी गेली माझी. चार गावं.” त्याने जीभकाकांकडे बघितलं. “रविवारी सांगितलं असतंस तर नुसता माझा गोठा गेला असता रे.”

बाईंनी नकाशा उघडला आणि गावांची नावं विचारायला लागल्या. गवळी एकेक नाव सांगत होता. जीभकाका तसेच उभे होते, अंगठा तिथेच. शाबास म्हणायचं त्यांना सुचेना, आणि ते म्हटल्याशिवाय मावशी जीभ आत घेत नसे.